हाताने घडवलेल्या गिटारवर ब्रिज चिकटवायचा आहे – हात धजावत नाहीये, सल्ला हवा

पहिली_गिटार

नमस्कार मंडळी,

गेले चौदा महिने सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत एक गिटार घडवतोय. स्टीलच्या तारांची आहे. पुढची पाटी स्प्रूसची, बाजू आणि पाठ महोगनीची, आतल्या पट्ट्या एक्सच्या आकारात. पाटीला ८.५ मीटर त्रिज्येचा घुमट दिलाय. लॅकर मारून पाच आठवडे झाले. मान बसली, फ्रेट बसले, घासून चकाकीही आली. आता फक्त ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं धरून ठेवणारा पाटीवरचा लाकडी ठोकळा, राहिलाय. रोझवूडचा ब्रिज स्वतःच कोरला आहे, १५२ मि.मी. लांब, ३८ मि.मी. रुंद. सॅडलची (ब्रिजवर तारा टेकतात त्या बारीक पट्टीची) खाच अजून पाडलेली नाही.

आणि इथे येऊन आठवडाभर काम अडलंय. आजवर जे काही चुकलं ते खरवडून, घासून, नाहीतर दुसरा तुकडा घेऊन निस्तरता आलं. हा सांधा मात्र तयार वाद्याच्या बरोबर मधोमध आहे. जागा चुकली तर सूर कायमचा चुकणार आणि सांधा कच्चा राहिला तर तारांसकट उडणार.

जागा कशी नक्की करता? खालचं लॅकर किती काढायचं? सरस वापरू की पिवळा वुड ग्लू? साउंडहोलमधून हात घालून क्लॅम्प लावताना काय सांभाळायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, कितीही लांबलं तरी चालेल.

सुतारपक्षी

अभिनंदन! इथवर आलात म्हणजे पुढचंही जमेल.

आधी या सांध्यावर काय गुदरतं ते बघू, म्हणजे बाकीच्या गोष्टी का करायच्या ते आपोआप कळेल. साध्या हलक्या संचाच्या (जाडी इंचाचे १२ ते ५३ हजारांश) सहा तारा सुरात लावल्या की मिळून साधारण ७० ते ७५ किलोचा ताण येतो. तो नुसता पुढे ओढत नाही. तारा पाटीच्या वर साधारण १२-१३ मि.मी. उंचीवरून जातात, त्यामुळे ब्रिज पुढच्या बाजूला कलंडायला बघतो. पुढची कड पाटीत दाबली जाते, मागची कड उचलली जाते. हिशेब केलात तर ९ न्यूटन-मीटरच्या आसपासचा पीळ निघतो, आणि तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षं असतो. व्हायोलिनची घोडी तारांच्या दाबानेच उभी असते, तिला काही लावावं लागत नाही. गिटारच्या ब्रिजचं बरोबर उलटं. म्हणून सुटायला लागला की तो जवळजवळ नेहमी मागच्या कडेकडून सुटतो. सगळी काळजी त्या कडेची घ्यायची.

आता जागा. तुमच्या आराखड्यात स्केल (तारेची हिशेबाची लांबी) ६४५ मि.मी. लिहिलं असेल, पण आराखड्यावर विसंबू नका. नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) फिंगरबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत पोलादी पट्टीने मोजा आणि त्याची दुप्पट करा. ३२२.५ आलं तर ६४५. मान बसवताना अर्धा मि.मी. इकडेतिकडे झालेला असतो आणि तो इथेच सापडतो. त्यावर भरपाई द्यायची, कारण फ्रेटवर दाबली की तार ताणली जाऊन सूर चढतो. पातळ ई तारेसाठी साधारण २ मि.मी., जाड ई तारेसाठी ५ च्या आसपास. सॅडल तिरपं असतं ते याचसाठी.

तुम्ही खाच आधी पाडली नाहीत हे उत्तम झालं. ब्रिज चिकटल्यावर, तारांची खरी लांबी मोजून खाच पाडता येईल. म्हणजे लांबीच्या दिशेने मि.मी.भर फरक पडला तरी जीव जाणार नाही. आडव्या दिशेला मात्र सूट नाही. नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांमधून ब्रिजच्या ई च्या भोकांपर्यंत दोरे ताणा आणि फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासूनचं अंतर शेवटच्या फ्रेटपाशी सारखं येतंय का बघा. पाटीच्या मधल्या जोडावर विश्वास ठेवू नका, मानेवर ठेवा. वाजवणाऱ्याची बोटं मानेवर असतात.

खर्ज

सुतारपक्षींच्या पोस्टला अनुमोदन. सरसाबद्दल मी लिहितो.

मी सरसच वापरतो, दाणेदार, गरम करून लावायचा तो. १९२ ग्रॅम ताकदीचा घ्या (सरसाच्या जेलीच्या घट्टपणाचं हे माप). रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपास तापवायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची ताकद गेली. वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो आणि ताणाखाली हळूहळू सरकत नाही. सतत ताण असलेल्या सांध्याला हा गुण मोठाच. शिवाय उद्या कुणाला ब्रिज काढावा लागला तर उष्णता आणि ओल यांनी सरस सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. वाद्य आपल्यानंतरही राहणार असतं, दुरुस्त करणाऱ्याचा विचार आपणच आधी करायला हवा.

तारसप्तक

खर्ज, तुमचं सगळं खरं, पण पहिल्या गिटारवर सरस लावायला सांगणं मला पटत नाही. सरस लावल्यापासून क्लॅम्प आवळेपर्यंत मिनिटभरसुद्धा मिळत नाही. खोली गरम हवी, ब्रिज दिव्याखाली ऊबदार केलेला हवा, आणि साउंडहोलमधून तीन क्लॅम्प एका दमात बसवायचा हाताला सराव हवा. मध्येच सरसाची साय धरली तर तो सांधा वरून पक्का दिसतो आणि आतून नसतोच. पिवळ्या अॅलिफॅटिक ग्लूने (टाइटबाँड ओरिजिनल वगैरे) चार-पाच मिनिटं मिळतात. कितीतरी कारखान्यांच्या गिटारी याच ग्लूवर उभ्या आहेत.

फक्त जलरोधक प्रकार, पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी नको. ते नंतर काढताना पाटीच सोलून निघते.

खर्ज

सराव करूनच लावायचा ना पण! टाकाऊ स्प्रूसवर पाच सांधे करून मोडून बघा, सहावा गिटारवर. आणि पिवळा ग्लू उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत नरम पडतो हे तुम्हालाही माहीत आहे. एका दुपारीत मागची कड उचललेल्या गिटारी मी पाहिल्या आहेत.

तारसप्तक

गाडीत ठेवलेली गिटार सरसाने वाचेलच असं नाही, आतल्या पट्ट्याही तापतात. बंद गाडीत वाद्य ठेवायचं नाही, हे त्यावरचं उत्तर. पण तुमचा मुद्दा मान्य: उष्णतेला सरस जास्त तग धरतो.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. ब्रिजला बोल्ट का लावत नाहीत? आतून बोल्टचा नट आवळला की सुटायचा प्रश्नच नाही.

सुतारपक्षी

लावतात. काही कारखान्यांच्या जुन्या गिटारींमध्ये ब्रिजवरच्या शिंपल्याच्या ठिपक्यांखाली बोल्ट असतात. पण बोल्ट दोन ठिकाणीच धरतो. ग्लू सुटला की कड उचलतेच, आणि मग सगळा ताण त्या दोन बिंदूंवर येऊन पाटी तिथे चेपते. शिवाय बाहेरून सगळं ठीक दिसत राहतं, बिघाड फार उशिरा कळतो.

पिनांच्या ब्रिजमध्ये तारेचा गोळा आतल्या पट्टीला खालून अडकतो, म्हणजे तार स्वतःच ब्रिजला थोडी मदत करते. नायलॉनच्या तारांच्या गिटारमध्ये तार ब्रिजलाच बांधलेली असते, तिथे ३५-४० किलोच ताण असला तरी सगळा भार सांध्यावर. तोही निव्वळ सरसावर टिकतो. आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांच्या हातच्या गिटारी आजही वाजवल्या जातात.

जुनं_लाकूड

मी दुरुस्तीची कामं करते, त्यामुळे सुटलेले ब्रिज रोजच हाताखालून जातात. सरस की ग्लू हा वाद चालू द्या, पण माझ्याकडे येणाऱ्या ब्रिजांपैकी ग्लू खराब म्हणून सुटलेले फार थोडे. बहुतेकांच्या खाली लॅकर ठेवलेलं असतं, किंवा खालची बाजू घुमटाला बसवलेली नसते, किंवा पाटी सुरीने कापलेली असते.

या तिसऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. माझ्या दुसऱ्या गिटारवर मी ब्रिज ठेवून त्याच्या कडेने धारदार सुरी फिरवली, लॅकर कापून आतलं काढायला. सुरी लॅकरच्या खाली किती गेली हे तेव्हा कळलंच नाही. सांधा सुरेख झाला, चार वर्षं गिटार वाजली. मग एकदा सहज मागच्या कडेखाली कागद सरकवला तर तो बोटाच्या पेरभर आत गेला. ब्रिज काढला तेव्हा त्याच्या खाली स्प्रूसचा अख्खा पापुद्रा चिकटून आला. ग्लू शाबूत होता, रोझवूड शाबूत होतं, फाटली होती ती पाटी, आणि फाटायला सुरुवात झाली होती बरोबर त्या सुरीच्या रेषेपासून. पाटी २.८ मि.मी. जाड. त्यात पाव मि.मी.ची चीर जिथे सगळ्यात जास्त ओढ आहे नेमक्या त्याच जागी, आणि वरच्या नसा कापलेल्या. नखाने उलगडायला सोपं जावं म्हणून आपण कागदाला चीर पाडतो तसंच ते झालं होतं.

तेव्हापासून मी तिथे सुरी दाबत नाही. ब्रिजभोवती पेन्सिलीने रेघ, रेघेला धरून मास्किंग टेप, टेपच्या कडेला सुरी टेकवून लॅकरवर नुसता ओरखडा, आणि मग रुंद पटाशी जवळजवळ आडवी धरून आतून कडेकडे खरवडत यायचं. लॅकरचा भुगा पांढरा आणि ठिसूळ असतो, स्प्रूसचा पिवळसर आणि लवचीक. भुग्याचा रंग बदलला की थांबायचं. कामाला तासभर लागतो, लागू द्यावा.

पहिली_गिटार

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. मी नेमकं तेच करणार होतो, सुरीला नवीन पातं लावून ठेवलं होतं.

एक शंका. लॅकर अगदी कडेपर्यंत काढायचं की थोडी किनार ठेवायची? किनार ठेवली तर ब्रिज त्या किनारीवरच चढून बसणार नाही का?

जुनं_लाकूड

बसेल, आणि तीच अडचण असते. दोन उपाय आहेत. एक, अगदी कडेपर्यंत काढायचं, पण हात जरा हलला तर उघडं लाकूड बाहेर दिसतं. दुसरा मला आवडतो: साधारण १ मि.मी.ची किनार ठेवायची आणि ब्रिजच्या खालच्या बाजूला कडेने तितक्याच रुंदीची बारीक खाच काढायची, लॅकरच्या जाडीपेक्षा किंचित खोल. ब्रिज लॅकरवर टोपीसारखा बसतो आणि आतलं लाकूड लाकडाला टेकतं. चिकटण्याचं क्षेत्र जरासं कमी होतं, पण पाटीला सुरी खोल लावायची वेळच येत नाही.

सुतारपक्षी

+१. आणि घुमटाचं विसरू नका. तुमची त्रिज्या ८.५ मीटर आणि ब्रिज १५२ मि.मी. सपाट ब्रिज मधोमध टेकवला तर दोन्ही टोकांखाली ०.३४ मि.मी.ची फट राहते. ऐकायला काहीच नाही, पण क्लॅम्पने ती फट मिटवलीत तर ब्रिज जन्मभर सरळ व्हायला बघणार, आणि तुम्ही तारांच्या जोडीला आणखी एक शत्रू स्वतःच्या हाताने बसवलेला असेल. पाटीवर ब्रिजच्या जागी सँडपेपर उताणा चिकटवा, खरखरीत बाजू वर, आणि त्यावर ब्रिज घासा. खालच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा मारून घ्या, सगळ्या सारख्या पुसल्या गेल्या की बसला. कडेची खाच त्यानंतर.

पहिली_गिटार

(नऊ दिवसांनी)

मंडळी, अहवाल देतो.

ब्रिज घासायला दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्यांदा मधल्या रेघा पुसल्या गेल्या आणि टोकांच्या तशाच राहिल्या, अगदी सुतारपक्षींनी सांगितलं तसं. ८० नंबरने सुरुवात, १५० वर संपवलं. शेवटी ब्रिज पाटीवर ठेवून मागून विजेरी धरली तर कुठूनही उजेड येईना. वरून टोकावर बोट दाबलं तरी डुलत नाही.

जागेसाठी बाराव्या फ्रेटपर्यंत मोजलं तर ३२२.८ आलं. म्हणजे दुप्पट ६४५.६. आराखड्यावर विसंबलो असतो तर अर्ध्या मि.मी.ने चुकलो असतो. दोन्ही ई च्या जागी आधी ३ मि.मी.ची भोकं पाडली, ब्रिजमधून थेट पाटीत. त्यात ३ मि.मी.चीच मेण लावलेली जुनी ड्रिलची पाती उभी घातली की ब्रिज इकडेतिकडे होत नाही. पिनांची भोकं नंतर मोठी करून उतार देईन.

मग ग्लूशिवाय सगळी रंगीत तालीम केली. बरं झालं केली. आतल्या बाजूला घालायला प्लायवुडची पाटी केली होती, तिला एक्सच्या पट्ट्यांसाठी खाचा पाडल्या होत्या, पण ती दर वेळी सरकून एका पट्टीवर चढायची. तशीच आवळली असती तर पट्टीच मोडली असती. दुसऱ्या तालमीत आरसा आणि विजेरी घेऊन आत पाहिलं तेव्हा कळलं. खाचा तीन मि.मी.नी रुंद केल्या आणि प्लायवुड आतून दुहेरी टेपच्या एका तुकड्याने जागेवर धरून ठेवलं. चौथ्या तालमीत तिन्ही क्लॅम्प दोन मिनिटं दहा सेकंदांत लागले.

खर्ज, माफ करा, पिवळा ग्लूच लावणार आहे. दोन मिनिटं दहा सेकंदांत सरस माझ्यासाठी थांबणार नाही.

खर्ज

माफी कसली! वेळ मोजलात हेच खरं काम. दोन गोष्टी तेवढ्या सांगतो. रोझवूड तेलकट असतं, खालची बाजू चिकटवायच्या आधी तासाभरात धारदार स्क्रेपरने ताजी करून घ्या, नुसत्या सँडपेपरवर सोडू नका. आणि खोलीतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच लावा. दमट हवेत फुगलेल्या पाटीवर लावलेला ब्रिज कोरड्या दिवसांत पाटीशी भांडतो.

तारसप्तक

ग्लू दोन्ही बाजूंना, पण पातळ. त्यातल्या पाण्याने स्प्रूस फुगतं आणि ब्रिजची पातळ टोकं वर वळायला बघतात, म्हणून लावल्यावर रेंगाळू नका. आधी मधला क्लॅम्प बेताने, मग दोन्ही टोकांचे, मग पुन्हा मधला. सगळीकडून बारीक मणी बाहेर आले की थांबायचं. त्यापुढे आवळणं म्हणजे पाटीला त्रास.

पहिली_गिटार

(दुसऱ्या दिवशी)

लावला!

आर्द्रता ४६ टक्के. सकाळी आधी रोझवूड खरवडलं, पाटीची जागाही स्क्रेपरने हलकेच ताजी केली. ग्लू पसरताना हात कापत होते हे खरं, पण पाती भोकात शिरल्याचा टक् असा आवाज आला आणि मग तालीम आपोआप चालू झाली. मधला, डावा, उजवा. बाहेर मणी आले, मागच्या कडेला सगळीकडे सारखे, डाव्या कोपऱ्यात मात्र जरा कमी. तिथला क्लॅम्प अर्धा फेरा आवळला तसे तिथेही आले. वीस मिनिटांनी पाती फिरवून काढली. बाहेर आलेला ग्लू रबरासारखा झाला तेव्हा बांबूच्या चपट्या काडीने उचलला, मग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसला. लॅकरवर ओरखडासुद्धा नाही.

क्लॅम्प उद्या सकाळी काढेन.

जुनं_लाकूड

शाब्बास! क्लॅम्प काढल्यावर लगेच तारा लावायची घाई करू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या, ग्लूमधलं पाणी लाकडात मुरलेलं असतं. तेवढ्यात सॅडलची खाच होईल.

पहिली_गिटार

(आठ दिवसांनी)

तारा लागल्या. एकदम सुरात न चढवता आधी दोन सूर खाली ठेवल्या, रात्रभर तशाच, मग वर आणल्या. सॅडलची खाच तारांची लांबी मोजून पाडली, पातळ ई २.१ आणि जाड ई ४.९ मि.मी. मागे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळतात, फक्त बी ची तार किंचित चढी वाटते, ते सॅडलच्या माथ्यावर कानस मारून होईल.

पाटी ब्रिजमागे थोडी फुगली आहे आणि साउंडहोलकडे थोडी बसली आहे. सरळ पट्टी ठेवली तर दिसतं. तारांनी एवढं होणारच ना?

आणि एक काळजी. मागच्या डाव्या कोपऱ्यात कागद जातो. फक्त १ मि.मी.च्या आसपास, मग थांबतो.

जुनं_लाकूड

पाटी तेवढी हलायलाच हवी, हलली नाही तर वाजणार कशी.

कागद १ मि.मी. जातो ती बहुधा तुम्ही ब्रिजखाली कडेने काढलेली खाच आहे, ब्रिज लॅकरच्या किनारीवर तरंगतोय तिथे. बाकीच्या कडेला ग्लूने ती भरली असेल, त्या कोपऱ्यात मणी कमी आले होते असं तुम्हीच लिहिलं आहे. कागद जिथे थांबतो तिथे कागदावरच पेन्सिलीने खूण करा आणि तो कागद गिटारच्या पेटीत ठेवून द्या. महिन्याने तोच कागद पुन्हा घाला. खूण कडेवरच राहिली तर काही करायचं नाही. खूण आत गेली तर तारा उतरवा आणि इथे लिहा.

पहिली_गिटार

(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. बी च्या तारेचं काम झालं. मधल्या काळात आर्द्रता ३८ पर्यंत उतरली होती आणि ६० पर्यंत चढलीही होती, तरी गिटार रोज तासभर वाजते आहे.

आज तोच कागद घातला. खूण कडेवर आहे.